चेटकीण थोरांच्या कपाटात

रत्नाकर मतकरींना आमच्या वाचनालयानं कितीतरी वर्षं दोन वेगळी माणसं समजून वागवलं. एक मतकरी बालविभागात, अगदी खालच्या फळीवर, पोरांचा हात पोचेल तिथं. दुसरे वरच्या कपाटात, स्टुलावर चढल्याशिवाय मिळणार नाहीत अशा उंचीवर. खालचे मतकरी ‘निम्मा शिम्मा राक्षस’वाले, वरचे ‘मध्यरात्रीचे पडघम’वाले. मधल्या फळ्यांवर पाककला, ज्योतिष आणि व्यक्तिमत्त्व विकास. त्यामुळे दोघांची गाठ पडायचा प्रश्नच नव्हता.

वाचनालय वडगाव मावळातलं. नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात सभासदांची अब्रू गुंतलेली आहे आणि सभासदांतले निम्मे माझे नातेवाईक आहेत.

घोटाळा सुरू झाला ‘खेकडा’पासून. हा मतकरींचा गूढकथांचा संग्रह. ग्रंथपाल बाई तेव्हा नवीन होत्या. त्यांनी नाव वाचलं. खेकडा, म्हणजे प्राणी. प्राणी, म्हणजे बालविभाग. लेखक मतकरी, मग तर बोलायलाच नको. पुस्तक गेलं ससा-कासवाच्या शेजारी. बाईंना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मावळात खेकडा म्हटल्यावर कुणी दचकत नसतं. मिरगाचा पाऊस लागून ओढे वाहू लागले की माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन खाचरांच्या बांधांवर हिंडतात आणि दुसऱ्या दिवशी नांग्या ठेचून, त्यांचं पाणी गाळून रस्सा शिजतो. आमचे एक काका तर हे पुस्तक पाककृतींचं समजून घरी घेऊन गेले. परत आणून दिलं तेव्हा काही बोलले नाहीत. त्या पावसाळ्यात मात्र त्यांनी ताटात खेकडा वाढू दिला नाही, अशी काकूंची माहिती आहे.

मराठी वाचकाला पुस्तकाबद्दल खरोखर काय वाटलं ते परीक्षणात सापडत नाही. परीक्षण लिहिणाऱ्याची आणि लेखकाची पुढच्या समारंभात एकाच मांडवात गाठ पडणार असते. खरा वाचक वाचनालयाच्या प्रतीच्या समासात बसलेला असतो. तिथं त्याला ना नाव, ना मानधन, ना भीड. आमच्या ‘खेकडा’च्या पहिल्या कोऱ्या पानावर थरथरत्या निळ्या शाईत लिहिलंय: ‘मुलांचे पुस्तक समजून नातवास वाचून दाखविले. नातू झोपला. मी नाही.’ त्याखाली कुणा दयाळू माणसानं पेन्सिलीनं: ‘आजोबा, लाईट लावून झोपा.’

पुढं समासात वादविवाद सभाच भरलीय. एक म्हणतो, ‘लेखकाने पूर्वीसारखे लिहावे.’ दुसरा विचारतो, ‘पूर्वीसारखे म्हणजे कसे? भुताने गाणे म्हणावे काय?’ तिसऱ्याची तक्रार, ‘शेवट समजला नाही. पैसे वाया.’ त्याला उत्तर, ‘वर्गणी थकलेल्यांनी पैशाचे बोलू नये.’ हे अक्षर ग्रंथपाल बाईंचं आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका भयंकर कथेच्या शेवटी कुणीतरी ठामपणे लिहिलंय, ‘याहून जास्त भीती सातबाऱ्यावर चुलत्याचे नाव पाहिल्यावर वाटते.’ त्याखाली निरनिराळ्या अक्षरांत ‘सहमत’, ‘सहमत’, ‘१०० टक्के’. आणि शेवटच्या पानावर लाल बॉलपेननं, ‘माझा मुलगा दहावीत आहे. असली पुस्तके वाचनालयात ठेवू नयेत. – एक पालक.’ लगेच खाली, गिचमिड अक्षरात, ‘बाबा, माझं वाचून झालं.’

सगळ्या शेऱ्यांचं सार काढायचं तर तक्रार भीतीची नाहीच. घाबरायला मराठी माणूस केव्हाही तयार असतो, त्याला नेमकं कुणाकडून घाबरायचं ते आधी ठरवून हवं असतं. ज्यानं आपल्याला लहानपणी राक्षस दाखवून हसवलं, त्यानं आपल्याला चाळिशीत झोप उडेपर्यंत घाबरवावं, ही दगाबाजी वाटते. लेखक परस्पर मोठा झालाच कसा, आम्हाला न विचारता?

आता खरी हकिकत अशी की मतकरी असे टप्प्याटप्प्यानं मोठे झालेच नव्हते. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरनं १९५९ साली त्यांचं ‘मधुमंजिरी’ केलं, १९६२ साली त्यांनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली आणि पुढं एकाच टेबलावर एका बाजूला चेटकीण आणि दुसऱ्या बाजूला गूढकथा असा संसार चालू राहिला. दिवसा बँक ऑफ इंडियात नोकरी. वर्षअखेरचा ताळेबंद जवळून पाहिलेल्या माणसाला अमावास्येची वेगळी कल्पना करावी लागत नसेल, असं आपलं माझं मत.

‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली होती. पुरुष चेटकीण झाला की निम्मी भीती तिथंच पातळ होते, आणि उरलेली निम्मी पोरं स्वतः आरडाओरडा करून घालवतात. चेटकीण मागून येते, सगळं थिएटर ‘मागं बघ, मागं बघ’ म्हणून किंचाळतं. प्रेक्षकाला धोका आधी दिसतो आणि तो ओरडून सांगता येतो, ही बालनाट्यातली मोठी सोय आहे. गूढकथेत ती सोय लेखकानं काढून घेतलेली असते. धोका दिसतो तेव्हा पान संपत आलेलं असतं, आणि रात्री दोन वाजता घरात ओरडून सांगणार कुणाला? शेजारी घोरत असतो तोच उठून विचारतो, ‘काय झालं गं?’

हे दुखणं आपल्यापुरतंच नाही. हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा आर. एल. स्टाइनच्या ‘गूजबम्प्स’वर वाढला. ही मालिका अमेरिकेत १९९२ साली सुरू झाली. याच्या वाट्याला ती अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून, मुखपृष्ठाचा कोपरा कुरतडलेल्या अवस्थेत आली. स्टाइन आधी मुलांसाठी विनोदाची पुस्तकं लिहायचा, तीही ‘जोव्हिअल बॉब’ या नावानं, मग भुतांकडे वळला आणि जगभरच्या पोरांच्या पांघरुणात बॅटरीसकट जाऊन बसला. २०१२ साली त्यानं ‘रेड रेन’ ही मोठ्यांसाठी कादंबरी लिहिली. प्रवासावर लिहिणारी एक बाई वादळानं उद्ध्वस्त झालेल्या बेटावरून दोन जुळी अनाथ पोरं घरी घेऊन येते, आणि मग त्या घराचं काही खरं राहत नाही. १९९२ साली दहा वर्षांची असलेली पोरं तेव्हा तिशीची झाली होती. मोठ्या आशेनं त्यांनी पुस्तक उघडलं. कुणी म्हणालं, हे तर तेच जुनं ‘गूजबम्प्स’, नुसतं रक्त वाढवलेलं. कुणाला ते रक्तच सोसलं नाही. म्हणजे एकाची तक्रार लेखक मोठा झाला नाही म्हणून, दुसऱ्याची झाला म्हणून. आमच्या वाचनालयाचा समास आणि अमेरिका यांत भाषा सोडली तर काही फरक नाही.

भाच्याचं म्हणणं मात्र मला पटलं. तो म्हणाला, ‘मामा, गूजबम्प्समध्ये प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार करकरतं, आणि पुढच्या प्रकरणात कळतं, मांजर होतं. नाहीतर धाकटा भाऊ. इथं दार उघडल्यावर खरंच कुणीतरी असतं. याला काय अर्थ आहे?’

आमच्या पिढीचं गणित उलटं. आम्ही मोठ्यांची भुतंच लहानपणी वाचली. नारायण धारपांची पुस्तकं घरात वडिलांसाठी यायची आणि वडिलांच्या आधी आम्ही संपवायचो. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या कादंबरीवरून घेतलेली आहे हे फार उशिरा कळलं; तोवर ती व्हॅम्पायर मंडळी अस्सल मराठी, बहुधा सदाशिव पेठेतली, अशीच समजूत होती. धारपांकडे समर्थ असायचे. कितीही अघोरी प्रकार होवो, शेवटी समर्थ येऊन निस्तरणार याची हमी. मतकरींकडे समर्थ नाहीत, हीच मोठी अडचण. आमच्या गुरुजींनी ‘ऐक... टोले पडताहेत’ परत करताना बाईंना गंभीरपणे विचारलं होतं, ‘यात सोडवायला कुणीच कसं येत नाही हो?’

शिवाय वडगाव हे भुतांना मान देणारं गाव. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मराठ्यांशी लढताना मारला गेला. त्याच महिन्यात इंग्रजांना वडगावात तह करावा लागला. पण लोकांनी त्या शत्रूचं धाडस पाहून त्याला ‘इष्टुर फाकडा’ करून टाकलं, आणि आमच्या गावातल्या त्याच्या थडग्याला समाधी म्हणायला सुरुवात केली. जिथं चाल करून आलेल्या गोऱ्या साहेबालाही मेल्यावर फाकडा म्हणून ठेवून घेतात, तिथल्या वाचकाला नुसत्या भुतानं घाबरवणं अवघडच. त्याला माणूस दाखवावा लागतो.

मतकरींनी तेच केलं, आणि खरी पंचाईत तिथं झाली. त्यांच्या ‘इन्व्हेस्टमेंट’वर त्यांनी स्वतःच चित्रपट केला, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुस्थितीतलं घर, मुलाला मोठं करण्यासाठी जिवाचं रान करणारे आईबाप. त्या मुलाच्या हातून वर्गातल्या मुलीचा खून होतो, आणि आईबाप आपली सगळी हुशारी त्याला वाचवण्यात घालवतात. चेटकीण नाही, अमावास्या नाही, वाडा नाही. फ्लॅट आहे. आमच्या आत्यानं तो टीव्हीवर पाहिला. संपल्यावर पदरानं चष्मा पुसत ती म्हणाली, ‘ह्यात भूत कुठं आलं? उगाच भयकथा म्हणतात.’ मग उठली आणि क्लासला गेलेल्या नातवाचा कप्पा उघडून वह्या, पाकीट, जुनी चिठ्ठी, सगळं एकेक काढून बघत बसली. मतकरींना मिळालेल्या प्रतिक्रियांत मी ही पहिली धरतो.

२०१८ साल मोठं गमतीचं गेलं. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मतकरींना मिळाला, ‘अलबत्या गलबत्या’ नव्यानं रंगमंचावर आलं आणि वैभव मांगलेंची चेटकीण पाहायला आमच्या गावातून लोकल भरभरून पोरं पुण्याकडे गेली. त्याच वर्षी धारपांच्या कथेचा धागा असलेला ‘तुंबाड’ लागला. नाटकाहून परतताना डब्यात एक गृहस्थ म्हणाले, ‘हे बघा, असं लिहायला पाहिजे. नाहीतर ते दुसरे मतकरी, रात्रीची झोप उडवतात.’ ते दुसरे आणि हे पहिले एकच, असं सांगितल्यावर तळेगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘भाऊ असतील.’

मतकरी १७ मे २०२० रोजी गेले, कोरोनात. त्यानंतर बाईंनी त्यांचं सगळं लेखन स्वतः वाचून काढलं आणि समासातल्या शेऱ्यांना पेन्सिलीनं क्रमांक दिले, पुढच्या वाचकाला चर्चेचा धागा लागावा म्हणून.

एकाच पुस्तकावर आमच्याकडे एकही शेरा नाही. ते म्हणजे ‘अ‍ॅडम’, मतकरींची स्त्री-पुरुष संबंधांवर मोकळेपणानं लिहिलेली कादंबरी. मोठ्यांसाठी म्हणजे खरोखरच मोठ्यांसाठी. ती प्रत एका सभासदानं नेली ती परत आलीच नाही. रजिस्टरमध्ये नावापुढं शाई सांडलेली आहे, आणि ती मुद्दाम सांडली असावी असा संशय घ्यायला जागा आहे. गावात अनेकांना त्या कादंबरीतला मजकूर तोंडपाठ असल्यासारखा वाटतो. वाचल्याचं मात्र कुणी कबूल करत नाही. ज्यांच्याकडे प्रत असेल त्यांना विनंती, कृपा करून आणून द्या. नाव विचारलं जाणार नाही, दंड आकारला जाणार नाही. बाई दुपारी जेवायला घरी जातात, तेव्हा मागच्या खिडकीतून आत टाकली तरी चालेल. समासात काय वाटेल ते लिहिलेलं असो.