बूट तयार आहेत

पैसा आणि रजा दोन्ही उदंड असती, तर मी आज किलिमांजारोच्या ५,८९५ मीटर उंच माथ्यावर उभा असतो. तिथून एव्हरेस्ट बेस कॅम्प, मग भूतानचा स्नोमॅन ट्रेक. तिथे आठवडेच्या आठवडे चाला, वर दर रात्रीचं सरकारी शुल्क भरा. भरू की, स्वप्नात कुठे बिल येतं!

बूट मात्र खरे आहेत. चौदा हजारांचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, वॉटरप्रूफ. गेल्या पावसाळ्यात ते घालून मंडईत गेलो. मेथीचा लगदा झाला, मोजे कोरडे.

कळसूबाई? १,६४६ मीटर तर आहे! सकाळी बारी गावातून निघालं की संध्याकाळी खाली. एवढ्याशासाठी रविवार कोण घालवणार? शिवाय वाटेत लोखंडी शिड्या आहेत, आणि माझा गुडघा दुसऱ्या मजल्यासाठीसुद्धा लिफ्टची वाट बघतो.