जवळची खूण : ऐच्छिक

ऑनलाइन खरेदीच्या अर्जात घर क्रमांक सक्तीचा असतो, रस्त्याचं नाव सक्तीचं असतं आणि ‘जवळची खूण’ या रकान्यापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : ऐच्छिक. हा अर्ज ज्याने केला तो पुण्याच्या पेठांत एक दिवसही राहिलेला नाही, हे छातीठोकपणे सांगता येतं. पेठेत खूण हाच पत्ता. घर क्रमांक लागतो तो महापालिकेला कर घेताना आणि मालकाला भाडेकरूवर दावा लावताना. रस्त्यांना थोरामोठ्यांची नावं आहेत, पाट्याही आहेत. पण जन्म त्या रस्त्यावर काढलेल्या माणसालाही नाव सांगायचं तर आधी पाटी वाचावी लागते.

परवा कुकरची रिंग मागवली. बोहरी आळीत चालत गेलो असतो तर चार दुकानदारांनी चार रिंगा पुढ्यात टाकल्या असत्या आणि पाचव्याने “जुनी आणलीय का?” असं विचारून हाकलून दिलं असतं. पण फोनवर वीस रुपये सुटत होते. संध्याकाळी फोन आला.

“काका, लोकेशनवर आलोय.”

“मग या की वर.”

“वर कुठं? समोर भिंत आहे.”

“मारुती दिसतोय का?”

“मॅपवर तीन दिसायलेत. कुठला धरू?”

‘दिसायलेत’वरून मुलगा मराठवाड्याकडचा, हे कळलं. दिवसभर अभ्यासिकेत राज्यसेवेची पुस्तकं आणि संध्याकाळी पाठीवर ही चौकोनी पिशवी, असा संसार करणारी कितीतरी मुलं सदाशिव-नारायण पेठेत आहेत. त्याला म्हटलं, “पिठाच्या गिरणीपासून आत ये.”

“गिरणी तर बंद झाली म्हणतेत इथले लोक.”

“बंदच आहे. त्या बंद गिरणीपासून आत यायचं.”

तो आला. ओटीपी जिन्यातूनच ओरडून सांगितला. दोन्ही मजल्यांनी ऐकला.

इंटरनेटची ओळख करून देणारे हल्ली ढगांपासून सुरुवात करतात. क्लाऊड, डेटा, समुद्राखालच्या केबल. मुळात तो सगळा कारभार पत्त्यांचाच आहे. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. माणसाच्या डोक्यात आकडे राहत नाहीत, म्हणून त्यांना नावं दिलेली; तुम्ही नाव टंकता आणि डीएनएस नावाची यंत्रणा त्यामागचा आकडा शोधून देते. मजकूर जातो तो तुकड्या-तुकड्यांत. प्रत्येक तुकड्यावर पत्ता, जो तो फावेल त्या वाटेने येतो आणि पोचल्यावर सगळे ओळीने लावले जातात. एखादा वाटेत हरवला तर तेवढाच पुन्हा मागवतात. कोणी कोणाला “काल पाठवलाय” असं म्हणत नाही.

गंमत पुढे आहे. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४३० कोटीच होते आणि त्यांच्या जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे २०११ साली वाटून संपले. पत्ते संपणार याची कुणकुण इंजिनिअरांना आधीपासून होती. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे चक्क वाडा! बाहेरच्या जगाला एकच दिंडी दरवाजा आणि एकच पत्ता. आत बारा बिऱ्हाडं. निरोप येतो वाड्याच्या नावाने आणि तो जोशांच्या थोरल्याचा की मागच्या खोलीतल्या भाडेकरूचा, हे ओसरीवर बसलेल्या आजी बरोबर ओळखतात. तुमच्या घरातला राउटर म्हणजे त्या आजी. घरातले चार मोबाइल, एक टीव्ही आणि सुनेचा लॅपटॉप बाहेर एकाच पत्त्याने वावरतात ते त्यांच्या जिवावर. लांबलचक पत्त्यांची नवी पद्धत येऊनही आता बरीच वर्षं झाली, पण वाडा काही पडलेला नाही. इकडे पुण्यातले खरे वाडे मात्र पाडून झाले.

तर यंत्राला यंत्राचा पत्ता डोळ्याचं पातं लवायच्या आत सापडतो. सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरपासून पेठेच्या तोंडापर्यंत सगळं सुरळीत. शेवटचे दोनशे मीटर तेवढे “काका, लोकेशन पाठवा”वर. लोकेशनही बिचारं काय करणार? अरुंद बोळात उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटत येतो आणि टिंब जाऊन पडतं शेजारच्याच्या संडासावर.

आपल्याला वाटतं ही सगळी नवी भानगड आहे. माल हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय पोस्टाने १८७७ साली केली, तिचं नाव व्हीपीपी. पुण्यातल्या प्रकाशकांची पुस्तकं आणि दिवाळी अंक तिच्यावरच गावोगाव गेले. फ्लिपकार्टने हेच ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणून २०१० मध्ये सुरू केलं तेव्हा त्याला क्रांती म्हणायची पद्धत पडली. पोस्टमनने स्वतःला क्रांतिकारक म्हणवून घेतल्याचं ऐकिवात नाही.

आणि पिनकोड? तो नसता तर एकाही ॲपचं पान हललं नसतं. एकाच नावाची गावं, दहा लिप्यांतली अक्षरं, चुकीची स्पेलिंगं, हा गुंता सोडवायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिन आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर : कोकणातले, दळणवळण खात्यातले बडे अधिकारी आणि उरलेल्या वेळात संस्कृत नाटकं-काव्यं लिहिणारे. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. ४११०३० म्हणजे सदाशिव पेठ. पुणेकराने त्यातले दोनच आकडे मनापासून स्वीकारले आणि अजून ‘पुणे ३०’ असंच म्हणतो. बाकीचे चार बाहेरच्यांसाठी. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तोही १५ ऑगस्टच, १९९५चा. तेव्हा पहिल्या यादीत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई होती, पुणे नव्हतं. असो.

आता पोस्टाने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. अख्ख्या देशाचे साधारण चार बाय चार मीटरचे चौकोन पाडायचे आणि अक्षांश-रेखांशावरून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा संकेत द्यायचा. कल्पना चोख आहे. पण त्यात उंचीचा हिशेब नाही. पेठेतल्या चार बाय चार मीटरवर खाली चहाची टपरी, पहिल्या मजल्यावर बंद खोली, दुसऱ्यावर क्लास आणि तिसऱ्यावर एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ असतात. चौघांचा डिजिपिन एक. शिवाय तो पोस्टाबरोबर घडवला आयआयटी हैदराबादने आणि इस्रोच्या हैदराबादेतल्याच सुदूर संवेदन केंद्राने. निजामाने १७६३ साली पुणं लुटलं होतं. त्याच हैदराबादने आता आम्हाला आमचे पत्ते सांगावेत!

पत्ता ही या धंद्याची दुखरी नस आहे, हे चोरांना सगळ्यात आधी कळलं. “तुमचं पार्सल गोदामात आलं आहे, पत्ता अपूर्ण असल्याने पोचवता येत नाही, खालील लिंकवर दुरुस्त करा”, असा इंडिया पोस्टच्या नावाचा एसएमएस फिरत असतो. तो बनावट असल्याचं पीआयबीच्या फॅक्ट चेकने जाहीर केलेलं आहे. लिंक उघडली की किरकोळ शुल्काच्या नावाखाली कार्डाचे तपशील मागतात आणि मग खातं धुतलं जातं. सावध माणसंही यात का सापडतात? मला विचाराल तर लोभापायी नव्हे. तुमचा पत्ता अपूर्ण आहे, असं कोणी परस्पर म्हणावं आणि अस्सल पुणेकराने ते ऐकून घ्यावं? तो भांडायला म्हणून लिंक उघडतो. (पैसे गेलेच तर भांडण तिथेच सोडून आधी १९३० या क्रमांकावर फोन करावा.)

उलट्या बाजूची कथा आणखी सुरस. आपला पत्ता मीटरपर्यंत मोजून घेणाऱ्या विक्रेत्याचा पत्ता काय? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने तो संकेतस्थळावर दाखवायचा असतो, तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यायचं असतं. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. शोधून पाहा. तो पत्ता पानाच्या तळाशी, फिकट करड्या रंगात, खाली सरकत सरकत अंगठा दुखेपर्यंत गेलं की सापडतो. तिथे जवळची खूण दिलेली नसते. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार परत आलेला माल घेणार नाही, हे पाटी लावून तोंडावर सांगतो. पण भांडायचं ठरवलं तर तो सकाळी दहा ते एक हमखास जागेवर असतो.

पोचवण्याचं काम विकण्याइतकंच मोठं, हे पुण्यातल्या कंपन्यांना मात्र बरोबर उमगलं. लहान मुलांचं सामान विकणारी फर्स्टक्राय २०१० मध्ये इथेच निघाली आणि तिच्या पोटातून माल पोचवणारी एक्सप्रेसबीज २०१५ मध्ये वेगळं बिऱ्हाड करून राहिली. पार्सलं देशभर जातात. पेठेतल्या बोळात शिरलं की तीही गिरणी शोधतात.

खरं तर पुण्यात देवांना ओळख दुकानांनी दिली. शेजारी जिलब्या तळल्या जायच्या म्हणून तो जिलब्या मारुती. समोर पासोड्यांचा बाजार भरायचा म्हणून पासोड्या विठोबा. पुढे दुकानं हलली, पासोडी वापरणारेही गेले, देव त्याच नावाने राहिला आणि शहराला पत्ते पुरवत बसला. आता दुकानंच रस्त्यावरून उठून ‘डार्क स्टोअर’मध्ये चालली आहेत : अर्धवट ओढलेलं शटर, आत ट्यूबलाइटखाली फडताळं, बाहेर मुलांच्या गाड्यांची रांग, गिऱ्हाइकाला आत मज्जाव आणि दारावर पाटीसुद्धा नाही. पुण्यात, पाटी नसलेलं दुकान! तशा एका शटरशेजारी हातभर उंचीचा एक शेंदरी मारुती आहे. डिलिव्हरीची मुलं गाडी काढताना त्याला हात लावून जातात. त्याला अजून कोणी नाव दिलेलं नाही. माझ्यातर्फे ‘दहामिनिट्या मारुती’ सुचवून ठेवतो.