कललेली जिप्सी

वरंध घाट उतरताना दरी डावीकडे असेल तर दाजींच्या जिप्सीत बसायला काही वाटत नाही, कारण ही गाडी कायम उजवीकडे कललेली. दरी उजवीकडे आली की मात्र ताई मागच्या आडव्या बाकांवरची सगळी पोरं उचलून डावीकडच्या बाकावर दाटीवाटीने बसवते. बॅगाही डावीकडे. मी दाजींशेजारी दाराला चिकटून. दाजी शांत. एकशे दहा किलोच्या माणसाला एवढी शांतता परवडते.

१९८५ साली बाजारात आलेल्या या गाडीला चारही चाकांना पाटेच; कॉइल स्प्रिंगचे लाड नाहीत. भोरच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, चेसी वाकलीय. घाटातला चहावाला म्हणाला, शॉकअप गेलेत. वास्तविक शॉकअप गाडीची उसळी आवरतं, वजन पेलणं हे त्याचं काम नव्हे. पण चहा त्याचा होता, वाद कोण घालणार?

महाडला हायवेलगत ट्रकचे पाटे ठोकणारे एक मिस्त्री भेटले. त्यांनी आधी टायरांची हवा बघितली. मग गाडी सपाट कोब्यावर घेतली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. मागची उजवी बाजू दीड इंच खाली. मागे चेसीच्या बरोबर मधोमध जॅक लावून उचलली, तर पुढचं तोंड सरळ झालं.

“पुढचे पाटे चांगले आहेत. दोष मागं.”

मग मागचे दोन्ही पाटे खोलून उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे बसवला. गाडी डावीकडे कलली! पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“चेसी सरळ आहे. पाटाच बसलाय,” मिस्त्री म्हणाले आणि दाजींकडे नखशिखांत बघून घेतलं. “गाडी कोण चालवतं?”

कुणीच उत्तर दिलं नाही.

सेंटर बोल्ट निघाला तसे पाटे सुटे झाले आणि मधली तांबूस पूड फरशीवर सांडली. मिस्त्रींनी चांगल्या पाट्याचा बाक खडूने जमिनीवर काढला. बसलेला एकेक पाटा ऐरणीवर घेऊन ते घणाने ठोकत आणि खडूच्या रेघेला लावून बघत. मी विचारलं, तापवून सोपं नाही का जाणार?

“पाणी उतरतं पोलादाचं. मग आठवड्यात परत बसेल.”

नवे यू-बोल्ट आवळले. शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच. हवेत आवळले तर बुश पिळून बसतो म्हणे. गाडी झकास सरळ उभी राहिली. मग दाजी आत बसले.

मिस्त्रींनी न बोलता टेप पुन्हा काढला.

“उजवीकडं एक पाटा जास्तीचा टाकतो.”

दाजी मुळीच वरमले नाहीत. “जुन्या लँड रोव्हरला ड्रायव्हरच्या बाजूचा पाटा कंपनीतूनच जास्त बाकाचा यायचा,” त्यांनी आम्हाला ऐकवलं, जणू ही खास सोय त्यांच्यासाठीच केली होती.

आता दाजी बसले की जिप्सी ओळंब्यात, उतरले की डावीकडे कलते. परतीच्या वाटेवर मी स्टिअरिंग मागितलं, तर तांत्रिक कारणावरून नकार मिळाला. ताईने डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पथ्याची आठवण करून दिली.

“अगं, वीस किलो उतरवले तर पाटा परत काढावा लागेल,” दाजी म्हणाले आणि वडापावच्या गाडीसमोर त्यांनी ब्रेक दाबला.