डोळे उघडल्याबद्दल अभिनंदन

प्रति,
श्रीमती न्यायदेवता,
न्यायाधीशांचे ग्रंथालय, सर्वोच्च न्यायालय,
टिळक मार्ग, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

आपल्या डोळ्यांवरची पट्टी निघाली, तलवार गेली, हाती संविधान आलं. ही बातमी ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या तालुका कोर्टाच्या आवारातही पोचली. मी तिथेच लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करतो. अभिनंदनाला उशीर झाला खरा, पण आपल्या खात्यात एवढ्याला उशीर म्हणत नाहीत.

तराजू मात्र आपण ठेवलात, हे फार बरं केलंत. आमच्याकडे तो रोज लागतो. फक्त त्यात आधी काय टाकायचं, याची पद्धत थोडी वेगळी आहे. गुन्ह्याचं वजन पुढे सावकाश होतं. आधी सातबारा टाकतात.

आता आपल्याला दिसतं आहे, म्हणून सांगतो. मोबाईल चोरल्याच्या आरोपावरून पोरगं आत जातं. जामीन मंजूर होतो. मग हुकूम निघतो, पंचवीस हजारांचा जामीनदार आण. तो याच जिल्ह्यातला हवा, नावावर जमीन किंवा घर हवं, सातबाऱ्याचा ताजा उतारा हवा, तहसिलातून ऐपतीचा दाखला हवा, आधार हवं, रेशनकार्ड हवं. अहो, ज्याच्या गोतावळ्यात एवढी ऐपतदार माणसं आहेत, तो मोबाईल कशाला चोरेल? तो पतसंस्था काढेल.

मग काय, जामीन मंजूर आणि माणूस बराकीत. कागदोपत्री सुटलेला, म्हणून त्याच्यासाठी कुणी ओरडतही नाही. बाहेर त्याची बायको माझ्याकडे येऊन विचारते, "भाऊ, साहेबांनी सोडलंय म्हणता, मग सोडत का नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर टाइप करण्याचे दर मी अजून ठरवलेले नाहीत. तिला भाड्याचा जामीनदारही मिळू शकतो, त्याचा व्यवसाय जुना आहे. एकच गृहस्थ सकाळी एका आरोपीचे काका असतात, दुपारी दुसऱ्याचे मामा. म्हणजे खऱ्या भावाचे कागद चालत नाहीत आणि खोट्या मामाचे चालतात. त्यासाठी बाईला गळ्यातली पोत मोडावी लागते, एवढंच.

हे आपल्याला नवं नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा गरीब गवंडी आपल्या दारी आला होता. जामीन आपणच दिला होता, तपशील मॅजिस्ट्रेटवर सोपवला होता. त्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. गवंड्याला पुन्हा दिल्ली गाठावी लागली. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्याच्या या रीतीचा खरपूस समाचार घेतला. आम्हांला वाटलं, मिटलं.

३१ जानेवारी २०२३ रोजी आपल्याच न्यायालयाने खालच्या कोर्टांना सुचवलं की, सुटका रखडत असेल तर स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्टाने स्वतःहून करावा. सूचना सोन्यासारखी आहे. पहिल्या वेळीही तशीच होती. मधे पंचेचाळीस वर्षं गेली. आम्ही समजत होतो की तारखा फक्त पक्षकारांना पडतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहितेच्या कलम ४७९ ने त्यांना सवलत दिली आहे. पहिलाच गुन्हा असेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटका. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि एकाहून जास्त खटले नसतील तर. निर्दोष मानलेल्या माणसाने तिसरा हिस्सा आगाऊ भरायचा. बयाणा म्हणू या. खटल्यात निर्दोष ठरला तर तो परत मिळण्याची सोय कलमात मला तरी सापडली नाही.

आपण राहता तो रस्ता लोकमान्यांच्या नावाचा, म्हणून जाता जाता एक आठवण. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांना जामिनावर सोडलं होतं. राज्य परकं, आरोप सरकारविरुद्ध अप्रीती चेतवण्याचा, तरी जामीन झाला आणि जामीनदार म्हणून मुंबईचे शेठजी पुढे आले. आमच्या पक्षकारांकडे फक्त शेठजी कमी पडतात.

सबब विनंती एवढीच की जातमुचलका कायद्यात आहेच, तो गरिबाला वापरू द्यावा. नवी समिती नको, नवा पुतळाही नको.

आपला नम्र,
लिंबाखालचा टंकलेखक

ता. क. एखाद्याची दया येऊन आपण स्वतःच जामीनदार राहायचं मनात आणलंत, तर कृपया येण्याची तसदी घेऊ नये. आपला पत्ता दिल्लीचा आहे. शिरस्तेदार कागद परत करतील.