खाडीवर आहे, साहेब!

देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं उद्योजक नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले आणि देशभर गदारोळ उठला. वसई-विरारमध्येही नाराजी पसरली, पण तिचं कारण निराळं होतं. इथल्या नोकरदाराला वाटलं, आपले तास कमी करायला निघाले की काय!

हिशेब सोपा आहे. ऑफिस दहा ते सात, म्हणजे नऊ तास. सहा दिवसांचे झाले ५४. घराला कुलूप लावून अंधेरीच्या किंवा लोअर परळच्या खुर्चीत टेकेपर्यंत दोन तास, परतीचे तेवढेच. आठवड्याचे २४. एकूण ७८. म्हणजे मूर्तींचं उद्दिष्ट आमचा माणूस शनिवारी दुपारच्या डब्यापर्यंतच उरकतो. पुढे जानेवारी २०२५ मध्ये ‘लार्सन अँड टुब्रो’चे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचं आठवड्याला ९० तास कामाची भलामण करणारं भाषण बाहेर आलं. राहिलेल्या १२ तासांची सोय पश्चिम रेल्वेने केलेलीच आहे: जंबो ब्लॉक, सिग्नलचा बिघाड आणि पावसाळ्यात नालासोपाऱ्याच्या रुळांवर चढणारं पाणी. त्याच भाषणात, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा सवालही होता. साहेब, आमच्याकडे बायको दिसते ती विरारच्या प्लॅटफॉर्मवर. ती लेडीज स्पेशलकडे धावत असते आणि आम्ही चर्चगेट फास्टकडे. नजरानजर झालीच तर एवढंच विचारायचं, “गॅस बंद केलास ना?”

१८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली गाडी सुटली, तेव्हा सकाळी एक गाडी जायची आणि संध्याकाळी एक परत यायची. ती चुकली की विषय संपला, थेट उद्या. उशीर झाला म्हणून कोणाचा पगार कापला असेल तर तो स्टेशनमास्तरचा. आता गाड्यांवर गाड्या आहेत, पंधरा डब्यांच्या आहेत, एसी आहेत, आणि तरीही प्रत्येकाला आठ-बारा गेली म्हणून छातीत धडधडतं. मागची आठ-एकोणीसला आहे, हे माहीत असूनही धडधडतं.

नालासोपाऱ्याच्या माणसाला तर बसायला जागा हवी असेल तर आधी उलटं विरारला जावं लागतं. याला रिटर्न मारणं म्हणतात. विरारकर त्याच्याकडे असे बघतात, जणू त्याने त्यांच्या सातबाऱ्यावर नाव चढवलंय. तो बिचारा खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतो. पुढे जाण्यासाठी अर्धा तास मागे जायची तयारी असलेला असा माणूस कोणत्याही कंपनीने डोळे मिटून घ्यावा. कंपनी घेतेही. आणि मग म्हणते, तुमच्यात धडाडी कमी पडते.

एकेकाळी या गाडीचा एक मोठा फायदा होता. एकदा डब्यात शिरलं की बोरिवलीपर्यंत साक्षात साहेबही तुमचं काही करू शकत नसे. भजनं व्हायची, पत्ते व्हायचे, कोणी वाटाणे सोलायचं. आता साहेब खिशातूनच प्रवास करतो, तोही विनातिकीट. परवा चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकलेले एक गृहस्थ गुडघ्यावर लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांच्या डोक्यावर कोणाची तरी सॅक, खांद्यावर कोणाची तरी झोप. मीरा रोडला गर्दी आत आली, एका कोपराचा धक्का बसला आणि अर्धवट लिहिलेला मेल निघून गेला. गृहस्थ पांढरेफटक पडले. दहिसरला साहेबांचं उत्तर आलं: “छान. असंच पुढे चालू द्या.” साहेबांनी तो वाचलाच नव्हता.

ही खरी गंमत आहे. काम किती हवं आहे हे कोणालाच ठाऊक नाही, फक्त ‘अजून’ हवं आहे. दरवर्षीच्या मूल्यमापनात अपेक्षेइतकं काम केलं असा शेरा मिळाला, तर माणूस घरी सांगत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त करायचं असतं. मग आधी अपेक्षाच जास्त का ठेवत नाही, असं एकाने भर मीटिंगमध्ये विचारलं. तो सध्या घरी असतो. मार्चमध्ये टार्गेट गाठलं, तर एप्रिलमध्ये बक्षीस म्हणून दीडपट टार्गेट. वसईतल्या सुकेळीवाल्या मावशींना हे कळत नाही. राजेळी केळं सोलून उन्हात घातलं की ते आपल्या वेळेने सुकतं. भाव वाढवून दिला म्हणून ते रविवारी जास्तीचं सुकत नाही.

रविवारचं म्हणाल तर तो आपल्याला कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी भांडून मिळवून दिला. गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून साप्ताहिक सुट्टी मिळाली. ती परत काढून घ्यायला मालकांना कायदा करावा लागला नाही. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरला. रविवारी संध्याकाळी पाचला त्यावर “उद्या सकाळी जरा बोलू” एवढाच मेसेज पडतो. तेवढ्यावर माणूस रात्रभर जागा राहतो. सकाळी कळतं, साहेबांना विरारमधल्या फ्लॅटचे भाव विचारायचे होते.

कर्मचारी खचतात हे कंपन्यांनाही समजलं आहे, म्हणून त्यांनी उपाय काढला: तणावमुक्तीचं वेबिनार. शनिवारी रात्री साडेआठला, हजेरी सक्तीची. कॅमेरा चालू ठेवून प्रसन्न दिसायचं. मार्गदर्शक बाई सांगतात, दिवसभरात कुठेही असाल तिथे डोळे मिटा आणि खोल श्वास घ्या. बाईंनी आमची गाडी बघितलेली नाही. तिथे एकाला खोल श्वास घ्यायचा असेल तर शेजाऱ्याला आधी सोडावा लागतो.

आमच्याकडे या खचण्याला कोणी मनाचा आजार म्हणत नाही, पित्त म्हणतात. झोप लागत नाही: पित्त. हात थरथरतात: पित्त. फोन वाजला की पोटात गोळा येतो: रात्री वडे खाल्ले असतील. जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मात्र २०२१ मध्ये वड्यांना दोषमुक्त केलं. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात रेल्वेचे तास धरलेले नाहीत. तेव्हा जेलुसिलची बाटली संपत आली असेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा मोफत नंबर फिरवा. पलीकडचा माणूस टार्गेट विचारत नाही, एवढ्यानेच निम्मं पित्त बसेल.

सुटकेचे कायदेशीर मार्गही शोधून झाले. कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ मध्ये दिला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं. ते काही पुढे सरकलं नाही. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांत दिवसाला ९ ऐवजी १२ तास आणि दुकानं-आस्थापनांत ९ ऐवजी १० तास कामाला मुभा द्यायचं ठरवलं, त्या गाडीला मात्र सगळे सिग्नल हिरवे मिळाले.

म्हणून वसईकराने आपला हक्क आपणच शोधून काढला. नायगाव सुटलं की फोन उचलायचा आणि ओरडायचं, “साहेब, खाडीवर आहे, आवाज तुटतोय!” पुलाखालून पाणी जातं, मध्ये पाणजू बेट दिसतं, पुन्हा पाणी, आणि काही मिनिटांत भाईंदर. पण हे अंधेरीच्या साहेबांना माहीत नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे वसईची खाडी ओलांडायला चाळीस मिनिटं लागतात, आणि रविवारी भरती असेल तर दिवसभर. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पण नोकरदाराला आजवर खरा तट मिळाला तो या खाडीचाच.

तेव्हा यापुढे मतं मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आमचं एकच सांगणं आहे. पाणी, रस्ते, जादा गाड्या यांची आश्वासनं सगळ्यांनी देऊन झाली. तुम्ही फक्त खाडी रुंद करून देण्याचं वचन द्या. आणि कोणी नवा मोबाइल टॉवर आणायला निघालाच, तर त्याला पाणजूच्या आसपास फिरकू देऊ नका.