राजधानीतील संग्रहालये सहकुटुंब पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

संग्रहालय ही खरं तर एकट्याने पाहायची गोष्ट. ती सहकुटुंब पाहायची झाल्यास शास्त्र लागते. दिल्लीस निघालेल्या मराठी कुटुंबांच्या सोयीसाठी ते येथे कलमवार दिले आहे.

कलम 1 : नेता. प्रत्येक सहलीला एक नेता असतो आणि तो कोणी निवडून दिलेला नसतो. आमच्याकडे हे पद थोरले साडू अण्णा यांच्याकडे तहहयात आहे. अण्णा बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले. समोर छापील जे दिसेल ते शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचल्याशिवाय ते हलत नाहीत, आणि मनात वाचणे त्यांना मंजूर नाही. असा नेता घरात नसल्यास उसना आणू नये.

कलम 2 : वार. राष्ट्रीय संग्रहालय, चाणक्यपुरीचे रेल्वे संग्रहालय, गांधी स्मृती, इंदिरा गांधी स्मारक, सगळी सोमवारी बंद. लाल किल्लासुद्धा बंद. "मग आपण खरेदीला जाऊ" हा पोटनियम बायकांनी लावू नये, कारण सरोजिनी नगरचा बाजारही सोमवारीच बंद असतो. सोमवार कुतुबमिनार आणि हुमायूनच्या कबरीला द्यावा.

कलम 3 : वेळ. मे महिन्यात गेला असाल (मराठी माणूस दुसऱ्या कुठल्या महिन्यात जाणार?) तर किल्ले, कबरी, मिनार सकाळी उरकावेत. दुपारी बारा ते चार राष्ट्रीय संग्रहालयात काढावी. तिथे गारवा असतो. संस्कृतीची ओढ अनेकांना याच चार तासांत लागते.

कलम 4 : दालनात शिरण्याची पद्धत. हे कलम मोठे आहे, कारण त्रास इथेच होतो. जनपथावरच्या या संग्रहालयात तळमजल्यावरच हडप्पा संस्कृतीचे दालन आहे. नवखी कुटुंबे पहिल्या कपाटापासून सुरुवात करतात. पहिल्या कपाटात खापरं असतात. अण्णा खापरांच्या पाट्या वाचू लागले की पोरांना तहान लागते, मग भूक लागते, मग जे लागायचं ते लागतं, आणि चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृतीतून आपण थेट उपाहारगृहात येतो. म्हणून नेता पहिल्या पाटीत गुंतला की बाकीच्यांनी गुपचूप मोहेंजोदडोच्या नर्तकीकडे निघावे.

आधी मुलांना एक सांगून ठेवावे : ती अवघी साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे सगळ्यांना ती माणसाएवढी वाटत असते, आणि "एवढीच?" हा उद्गार त्या कपाटासमोर दिवसभर सर्व भाषांत उमटत असतो. तो उमटून गेला की वाकून नीट पाहावे. डावा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजव्या हातात मोजून चार, आणि तोच हात कमरेवर. हनुवटी अशी वर, की आपण उशीर केलाय आणि आता हिला कारण सांगावं लागणार. माझी भाची म्हणाली, "ही ताईमावशीसारखी उभी आहे." ताई म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती. त्या ऐकत होत्या. हात कमरेवरच होता.

पुढे दागिने. मोहेंजोदडोला सापडलेल्या सोन्या-हिरव्या मण्यांच्या एका हाराची फाळणीच्या वेळी वाटणी झाली. अर्धे मणी इकडे, अर्धे तिकडे. कार्नेलियनच्या लांब मण्यांच्या मेखलेचंही तेच. पोरांना यात काही विशेष वाटत नाही. आमच्या आईला मात्र वाटलं. दालनभर ती भिंतीकडेची खुर्ची शोधत फिरत होती, ती इथे थांबली. "म्हणजे मोडून वाटला?" तिने विचारलं. माझ्या आजीचा चपलाहार तीन जावांत असाच मोडून वाटला गेला होता आणि त्यावर आमच्या घरात अजूनही बोलत नाहीत. बाकी संग्रहालयाबद्दल आई आजतागायत काही म्हणालेली नाही. हा हार मात्र तिने सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगितला.

(हे कलम लिहिताना अण्णा अजून खापरांपाशीच आहेत, असे समजावे.)

कलम 5 : वरचे मजले. दुसऱ्या दिवशी. एका दिवशी दोन मजले पाहिलेले कुटुंब रात्री एकमेकांशी बोलत नाही.

कलम 6 : मुलांचा हप्ता. दर एका गंभीर संग्रहालयामागे एक रेल्वे संग्रहालय द्यावे. तिथे पतियाळा संस्थानाची 1907 ची मोनोरेल आहे. तिचा तोल एका रुळावर आणि पडू नये म्हणून एक मोठं चाक बाजूच्या रस्त्यावर. मोठ्यांनाही हे बघून हसू येतं, मग हेवा वाटतो. मुलांची बागेतली गाडी हाच मुख्य कार्यक्रम समजून तिच्या तिकिटाच्या रांगेत आधी उभे राहावे. आम्ही आधी इंजिने पाहिली आणि रांग संपेपर्यंत पोरांचा जीव संपला.

तिथेच माथेरानच्या गाडीचं जुनं इंजिन उभं आहे, क्रमांक 738. हे कलम खरं तर नेत्याविरुद्ध वापरायचं होतं. पण अण्णा त्या इंजिनासमोर आले आणि पाटीकडे न बघताच बोलू लागले. घाटातली वळणं अशी आवळ असतात की साधा आस तिथे अडकेल, म्हणून या इंजिनाचे आस थोडे सरकणारे केले आहेत, हे त्यांनी दोन्ही हातांचे पंजे एकमेकांवर सरकवून दाखवलं. पोरं ऐकत होती. एक अनोळखी पंजाबी कुटुंबही ऐकत होतं, अण्णांचं हिंदी अगदीच नेरळचं असूनही. "ही माहिती कुठे वाचलीत?" मी विचारलं.

"वाचायचंय काय? नेरळला मामा होते माझे. सुट्टीभर तेच बघायचो."

त्यानंतर पुढच्या इंजिनाची पाटी त्यांनी सबंध वाचली, पण मी घड्याळ पाहिलं नाही.

कलम 7 : मतभेद. कुटुंब फुटायला आल्यास सर्वांना पालमकडचं शौचालयांचं संग्रहालय दाखवावे. सुलभ संस्थेचं आहे. फ्रान्सच्या लुई राजाच्या सिंहासनवजा शौचकूपाची प्रतिकृती पाहताना कुणालाही भांडता येत नाही.

कलम 8 : अभिप्राय वही. ही बहुधा दाराशी ठेवलेली असते आणि नेत्याच्या दृष्टीस पडू देऊ नये. एका संग्रहालयात (नाव सांगत नाही) ती पडली. अण्णांनी बाहेर टॅक्सी उभी ठेवून पाट्यांवरच्या चुका दालन क्रमांकासह लिहिल्या, एका पानाच्या दोन्ही बाजू भरून. मग पेन माझ्या हातात दिलं.

"मी काय लिहू?"

"लिहू नका. सही करा. दोन सह्या असल्याशिवाय कुणी दखल घेत नाही."