कोऱ्या रकान्याचा मानमरातब

बुलढाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांतील महसूल मंडळांचा पर्जन्यतक्ता एसक्यूएल नामक प्रश्नभाषेच्या साहाय्याने सिद्ध करण्याचे कार्य ज्या कारकुनाकडे सोपविले गेले असेल, त्याने प्रथम हे पक्के ध्यानी धरावे की, सिंदखेडराजासमोरचा रकाना कोरा आढळला म्हणून तेथे पाऊस पडला नाही असे सिद्ध होत नाही. पर्जन्यमापक पाहण्याच्या कामी नेमलेला इसम त्या दिवशी गैरहजर होता, अथवा यंत्राची बॅटरी उतरली होती, एवढेच संभवते. परंतु दफ्तराला कोरी जागा पाहवत नाही, आणि तेथे तत्काळ ‘निरंक’ लिहिण्याचा आपल्या हातांना जो सराव आहे तो आवरणे, हाच माझ्या मते या विद्येतील सर्वांत कठीण धडा होय.

समजा, मेहकरास ४० मिलिमीटर व लोणारास २० मिलिमीटर पाऊस झाला आणि सिंदखेडराजा कोरे आहे. संगणकास सरासरी पुसावी, तर तो कोऱ्या रकान्यास मुकाट्याने पंक्तीतून उठवून ३० हे उत्तर देते. तोच रकाना ‘कोअलेस’ नामक उपचाराने शून्य घालून भरला, तर सरासरी २० वर उतरते. आभाळात काडीचाही फरक न पडता तिसरा हिस्सा पाऊस नाहीसा करण्याचे हे सामर्थ्य पूर्वी इंद्रालाही नव्हते.

२४ तासांत ६५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस झालेल्या, म्हणजे अतिवृष्टीच्या, मंडळांची यादी मागावी, तर कोरे मंडळ तीत नसते. त्याहून कमीवाल्यांची मागावी, तर तीतही नसते. कारण या भाषेत होय आणि नाही यांखेरीज ‘अज्ञात’ हा तिसरा निवाडा आहे. कोऱ्यास कोऱ्याशी ‘बरोबर’ या चिन्हाने ताडून पाहिले तरी निवाडा तोच. शोध घ्यावयाचा तर ‘इज नल’, म्हणजे ‘कोरे आहे काय’, असेच विचारावे लागते. ‘नॉट इन’पासून तर विशेष सावध असावे: वगळावयाच्या यादीत एक जरी कोरी नोंद शिरली, तरी अवघे उत्तर रिकामे येते आणि साहेबांस जिल्हाभर क्षेमकुशल असल्याचा भास होतो.

या तक्त्यांच्या शास्त्राचा पाया १९७० साली घालणाऱ्या एडगर कॉड यांनी पुढे १९९० च्या ग्रंथात कोऱ्याचे दोन वर्ग कल्पिले: ठाऊक नसलेले आणि लागूच नसलेले. जेथे पर्जन्यमापकच बसविलेला नाही, ते गाव दुसऱ्या वर्गातले, हे त्यांना वऱ्हाडात पाऊल न ठेवताही उमगले होते. एसक्यूएलने मात्र ती सूचना दप्तरी दाखल करून ठेवली.

तस्मात तक्त्याच्या तळाशी एकूण मंडळे किती आणि प्रत्यक्ष नोंदी किती, हे दोन आकडे शेजारी मांडावेत. तारांकित ‘काउंट’ कोऱ्यांसही मोजतो, रकान्याचे नाव घेऊन केलेला मोजत नाही. तफावत निघाल्यास ती जशीच्या तशी वरिष्ठांस कळवावी, आणि शून्य भरण्याचा आग्रह झाल्यास तसा हुकूम लेखी मागावा. तो सहसा निघत नाही.